जोड कोण लावणार?

"एकट्यानं उठायची लाज वाटती, म्हणून माणसं ग्रुप करतेत. दुसरं काय न्हाई त्यात." मामांनी सुपारी कातरता कातरता निकाल देऊन टाकला.

"मग कोजागिरीला तुळजापूरला चालत निघता तेव्हा अर्ध्या गल्लीला हाका कशाला मारता?" भाची म्हणाली. "देवी काय एकट्याला दर्शन देत नाही?"

"ती जत्रा. ती येगळी."

"वेगळी कशी? पाय तिथंही दुखतातच की."

हा वाद येडशीतल्या एका ओसरीवरचा. धाराशिवहून उत्तरेला वीसेक किलोमीटरवरचं हे गाव रस्त्यांचं आहे. सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा महामार्ग आणि बार्शी-लातूर रस्ता इथं एकमेकांना भेटतात, रेल्वेचं स्टेशन आहे, आणि गावाबाहेर दरीत उतरलं की रामलिंगाचं देऊळ. देवळाभोवतीचं जंगल १९९७ पासून अभयारण्य आहे. त्यामुळे पहाटे चालायला किंवा पळायला निघालेल्या माणसापुढे दोनच वाटा असतात, एक देवाची आणि दुसरी ट्रकांची. भरतीची पोरं महामार्गाच्या कडेनं पळतात, साखरेची धास्ती घेतलेले दुकानदार स्टेशनकडे फेरी मारतात, आणि अलीकडे बायकांचा एक घोळका हळूहळू बोलत, मधेच थांबत चालताना दिसतो. त्या घोळक्याची जमवाजमव या भाचीनं केलेली. ती आरोग्यसेविका आहे. तिशीपुढच्या माणसांचं बीपी आणि साखर तपासत घरोघर हिंडणं हे तिचं रोजचं काम.

मामा सत्तरीतले. तरुणपणी तालमीत होते, पुढं एसटीत कंडक्टरकी केली. अंगात अजून ताठा आहे. रामलिंगाला रोज एकटेच जाऊन येतात, आणि हे 'एकटेच' ते जरा जोर देऊन सांगतात. भांडणाचं खरं मूळ मात्र घरातच होतं, कारण भाचीच्या ग्रुपात आता मामीही जायला लागल्या होत्या. माझा या घराशी जुना घरोबा. मी आलो होतो वेगळ्याच कामासाठी, ते राहिलं बाजूला.

"मी पळायला शिकलो ते बार्शी लाइट रेल्वेच्या मागं," मामा मला म्हणाले. "चढाला ती एवढी दमायची की पोरं उतरून, बोरं तोडून परत चढायची. आमाला कुठला ग्रुप अन् कुठला ॲप."

"पोरं म्हणालात. म्हणजे चार-पाच जण होतात," भाची म्हणाली.

मामांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. "आन् शेतात राबणाऱ्या बाईला पुन्हा चालायला कशाला लावतीस? दिवसभर खुरपून आलेलं अंग ते. ही थेरं पुण्या-मुंबईची."

हा प्रश्न आमच्याकडे प्रत्येक घरात विचारला जातो, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. भाचीचं उत्तर तयार होतं, कारण तिला ते रोज कुठल्यातरी ओट्यावर द्यावं लागतं.

"किती बायका खुरपतात आता, मामा? सोयाबीनला तणनाशक मारलं की खुरपणं संपलं. काढणीला मशीन. रानात जायचं तर गाडीवर बसून. ज्यांच्या घरी दहा एकर आहे त्या बायका दिवसभर घरात आहेत, आणि ज्यांच्या घरी काहीच नाही त्या दुसऱ्याच्या रानात वाकून वाकून कंबर मोडून घेतात. पहिलीला हालचाल नाही, दुसरीला उसंत नाही. माझ्या ग्रुपात दोघी येतात. दुसरी काय व्यायामाला येते असं वाटतं तुम्हाला? ती अर्धा तास कुणाचं ऐकायला लागू नये म्हणून येते."

इथं एक आकडा सांगून ठेवतो, कारण तो मोठा आहे आणि शहरापुरता नाही. जगभरच्या पाहण्या एकत्र करून 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०२४ साली जो अभ्यास छापून आला, त्यानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. बायकांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांमध्ये ४२. पुरेशी म्हणजे किती? आठवड्याला दीडशे मिनिटं बेताचा घाम येईल इतकी. दिवसाला वीस-बावीस मिनिटं. चहाच्या टपरीवर याहून जास्त वेळ जातो.

"तर एकटीनं चालावं की मग," मामा म्हणाले. "वीस मिन्टाला मिरवणूक कशाला पायजे?"

भाची थोडी सावरून बसली. "तुम्ही पहाटे पाचला एकटे निघालात तर लोक राम राम घालतात. मी एकटी निघाले तर विचारतात, कुठं निघालीस. दुसऱ्या दिवशी सासूला विचारतात, सून कुठं जाती. आठ जणी निघालो की कुणी काही विचारत नाही. ग्रुप ही तुमची हौस असेल मामा, आम्हाला तो परवाना आहे."

या वाक्यावर मामा गप्प बसतील असं मला वाटलं होतं. पण ते कंडक्टर होते, सुट्ट्या पैशांवरून दिवसभर भांडायची सवय असलेला माणूस.

"मग वाघ आला तवा कुटं गेला तुमचा परवाना?"

यात खोटं काही नव्हतं. २०२४ च्या डिसेंबरात रामलिंगच्या अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात वाघ दिसला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालत तो इथवर आला होता. पकडायला पथक आलं, वाघ त्यांच्या हाती लागला नाही. रामलिंगाची वाट सकाळ-संध्याकाळ ओस पडली, आणि बायकांच्या घोळक्यानं देवाची दिशा सोडून शाळेचं मैदान धरलं.

"एवढा टिपेश्वरवरनं आला," मामा म्हणाले, "कुठल्या ग्रुपात व्हता तो?"

"म्हणूनच त्याला जोडीदारीण मिळाली नाही," भाची म्हणाली. आतून मामींचं हसू ऐकू आलं.

"मी तर तवाबी जात व्हतो."

"आठ दिस घरातच होता," आतून आवाज आला. मामांनी अडकित्ता खाली ठेवला.

हसून झाल्यावर मामांनी जे काढलं ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्यांचा खरा आक्षेप मोबाईलवर होता. भाचीच्या ग्रुपात रोज सकाळी पावलांचे आकडे टाकतात. कुणाची आठ हजार, कुणाची बारा हजार. अंगठे येतात, फुलं येतात. एक बाई, गल्लीतलीच, गुडघ्यानं अधू. तिची पावलं तीन हजारांवर जात नव्हती. पंधरवडाभर तिनं आकडा टाकला, मग टाकायचा बंद केला, मग यायचीच बंद झाली.

"तिला कुणी हाकललं न्हाई. पण रोज सकाळी तिचा तीन हजार सगळ्यांच्या खाली दिसायचा. तालमीत असं नसतं. तिथं वस्ताद असतो. कुणी किती जोर काढायचे ते वस्ताद सांगतो, अन् ते ज्याचं त्याला म्हाईत. शंभरवाला पंचवीसवाल्याला हिणवाया लागला तर वस्ताद त्यालाच मातीत घालायचा. तुमच्या ग्रुपात वस्ताद कोण हाय? ॲडमिन?"

भाचीनं लगेच उत्तर दिलं नाही.

मीच मधे तोंड घातलं. ग्रुपातल्या जोराचं गणित फार जुनं आहे. माक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेती-अभियंत्यानं माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला होता, ते निष्कर्ष १९१३ साली छापले गेले. आठ जण मिळून ओढायला लागले की प्रत्येकाचा जोर, तो एकटा ओढताना असतो त्याच्या साधारण निम्म्यावर येतो.

मामा खूश झाले. "म्हंजे आठ माणसं लावा, काम चारांचंच. ह्याला फ्रान्सला कशाला जायला पायजे? औताला चार बैल जुंपा, एक अंग चोरतोच."

"थांबा," मी म्हणालो, "दुसरा भाग ऐका." १९२० च्या दशकात बर्लिनमधल्या एका नौकानयन क्लबात ओटो कोलर यांनी खेळाडूंना जोडीनं वजन उचलायला लावलं. जोडी अशी, की एकानं सोडलं तर दुसऱ्यालाही थांबावं लागेल. तिथं उलटं दिसलं. जोडीतला अशक्त गडी एकट्यानं उचलताना टिकला असता त्याहून जास्त वेळ टिकला. पण दोघांत फरक बेताचा असेल तरच. अगदीच बरोबरीचे असले तर फारसा फायदा नाही, आणि फारच तफावत असली तर अशक्त माणूस आधीच हात टेकतो.

मामांनी मांडीवर थाप मारली. "जोड! वस्ताद काय करतो मग? जोड लावतो. तुझ्यापेक्षा थोडा वरचढ बगून देतो. लई वरचढ दिला तर पोरगं दुसऱ्या दिवशी तालमीत येतच न्हाई. हलका दिला तर माजतं. चाळीस पोरं असली तालमीत, तरी प्रत्येकाची एक जोड असती. चाळीसचा ग्रुप नसतो तो."

मला वाटतं, त्या सकाळी ओसरीवर जे काही बोललं गेलं त्यात हे सगळ्यात कामाचं होतं, आणि ते ग्रुपाच्या विरोधात बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून आलं. ग्रुप चांगला की वाईट, असं आपण विचारतो. व्यायामाला निघालेल्या माणसाला ग्रुप लागत नाही असं नाही, पण त्याच्या शेजारून कोण चालतंय, यावर बहुतेक सगळं ठरतं. शहरातल्या जिममध्ये पैसे मोजून जो 'पर्सनल ट्रेनर' मिळतो तो शिकवतो, पण जोड होऊ शकत नाही. आणि दोनशे जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपात जोड कोण लावणार?

भाची हट्टी आहे, पण अप्रामाणिक नाही. "त्या गुडघेवाल्या काकूंचं खरं आहे," ती म्हणाली. "पावलं टाकायची पद्धत मी बंद करते. पण मामा, तुमच्या तालमीत जे टिकले नाहीत त्यांची नावं तुम्हाला आठवतात का? जे टिकले त्यांचेच फोटो भिंतीवर आहेत."

मामा काही बोलले नाहीत. प्रश्न बरोबर वर्मावर बसला होता.

मी त्यांना आणखी एक अभ्यास सांगितला, कारण तो मला स्वतःला चकित करून गेला होता. २०१७ साली सिनान अराल आणि क्रिस्तोस निकोलाइदिस या संशोधकांनी सुमारे ११ लाख धावणाऱ्यांच्या पाच वर्षांच्या नोंदी पाहिल्या. युक्ती त्यांनी पावसाची वापरली. एका शहरात पाऊस पडून तिथला माणूस पळायचा थांबला, तर दुसऱ्या कोरड्या शहरातला त्याचा मित्रही कमी पळतो का? पळतो. पळण्याची लागण होते, हे त्यातून दिसलं. पण ती कोणाकडून कोणाला होते यात मौज आहे. कमी पळणारा मागून जवळ यायला लागला की जास्त पळणारा वेग वाढवतो. उलट दिशेनं, म्हणजे पुढच्याचं पाहून मागच्यानं जोर धरणं, हे मात्र दिसलं नाही.

"म्हंजे मागचा पुढच्याला पळवतो," मामा म्हणाले.

"आणि मागच्याला कोण पळवतं?" भाचीनं विचारलं. ती माझ्याकडे बघत होती, जणू हा अभ्यास मीच केला होता.

याला इंग्लंडमध्ये एक उत्तर सापडलं आहे. तिथं २ ऑक्टोबर २००४ ला लंडनच्या बुशी पार्कमध्ये तेरा जण पाच किलोमीटर पळाले. त्यातून 'पार्करन' नावाचा उपक्रम उभा राहिला, आज अनेक देशांत दर शनिवारी लाखो माणसं फुकट पळतात किंवा चालतात. त्यांच्यात एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या मागून चालतो. तो शेवटचा ठरलेला असल्यामुळे भाग घेणाऱ्यांपैकी शेवटचा कोणीच येत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत तर त्यांनी आपल्या संकेतस्थळावरच्या विक्रमांच्या याद्याही काढून टाकल्या, नव्या माणसाला त्या पाहून धडकी भरते म्हणून. जोरात पळणारे त्यावर बरेच चिडले.

"मुद्दाम मागं राहायचं," मामी म्हणाल्या. त्या चहा घेऊन बाहेर आल्या होत्या. "मी तेच करते की."

"तू चालतच न्हाईस," मामा म्हणाले.

"मी चालायला जात न्हाई. मी बोलायला जाती. चालावं लागतं तेवढं चालती." त्यांनी कपबश्या ठेवल्या, पदराला हात पुसला. "चाळीस वर्सं झाली या घरात. सकाळचा चहा केल्याबिगर पहिल्यांदा घराबाहेर पडले ती ह्या पोरीमुळं. आता चहा हे करून घेतेत. एवढंबी कळत न्हाई तुमच्या अभ्यासवाल्यांना?"

त्या परत आत गेल्या. बीपीची गोळी अर्धी झाली की नाही, वजन किती उतरलं, हे काही त्यांनी सांगितलं नाही. भाचीनंही विचारलं नाही.

मग संभाषण ज्या बाजूला वळायचं टाळत होतं तिकडे वळलं. मामांचा धाकटा मुलगा. भाचीचा दादा.

येडशीच्या रस्त्यावर पहाटे जी पोरं पळतात ती तब्येतीसाठी पळत नाहीत. त्यांचं सगळं घड्याळावर असतं. पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची: १६०० मीटरला २०, शंभर मीटरला १५, गोळाफेकीला १५. पोरानं १६०० मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत मारलं की वीसपैकी वीस, त्यापुढं टप्प्याटप्प्यानं गुण गळायला लागतात. मुलींना ८०० मीटर, दोन मिनिटं पन्नास सेकंद. २०२४ च्या जूनपासून राज्यात जी भरती झाली तिच्यात सतरा हजारांवर जागा होत्या आणि सतरा लाखांवर अर्ज. एका जागेला शंभर. धावताना उमेदवार दगावल्याच्या बातम्याही त्याच भरतीत आल्या. तरी पोरं पळतात, कारण सोयाबीनला भाव नाही आणि कारखाने आमच्या भागात मोजकेच.

दादा अशा ग्रुपात सहा-सात वर्षं होता. पहाटे साडेचारला एकमेकांच्या दारावर थाप मारत जमायचे. एकाचे बूट फाटले तर वर्गणी काढून आणायचे. दादाचं १६०० मीटर पाच मिनिटं पाच सेकंदांवर आलं होतं, त्या पोरांत त्याच्या पुढं कुणी नव्हतं.

"आता बग त्याला," मामा म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "आठ वाजल्याबिगर उठत न्हाई. पोट सुटलंय. दुकानात बसून असतो. हे तुमच्या ग्रुपाचं दान. दोगं लागले पोलिसात, एक फौजेत गेला. गेल्या गेल्या ग्रुपातनं बाहेर. मी बगितलं व्हतं त्याच्या मोबाईलवर, एकाखाली एक. अमुक लेफ्ट, तमुक लेफ्ट. शेवटाला ग्रुपात हा आन् एक ॲकॅडमीवाला, फीची आठवण करणारा. त्या रोजच्यानं हा पळायचा बंद झाला."

"ग्रुपानं नाही सोडलं त्याला, मामा. भरतीनं सोडलं. वय संपलं."

"एकच की ते."

"एकच नाही." भाचीचा आवाजही आता चढा राहिला नव्हता. "दादा मैदानात कधीच नापास झाला नाही. तो लेखीला गेला, दोन्ही वेळा. गणितात आणि बुद्धिमत्तेत. आणि सोडून काय दिलं? पळणं. जे त्याला येत होतं तेच. पुस्तक अजून कपाटात आहे, बूट मात्र देऊन टाकले."

कोणी काही बोलेना. आतून भांड्यांचा आवाज थांबला, म्हणजे मामी ऐकत होत्या.

मी या दोघांच्या वादात शक्यतो पंच व्हायचं टाळत होतो, पण इथं मला भाचीचं म्हणणं पटतं. भरतीच्या ग्रुपाइतकी घट्ट मैत्री मी दुसऱ्या कुठल्या व्यायाम करणाऱ्यांत पाहिली नाही, आणि इतकी लवकर तुटणारीही पाहिली नाही. कारण तिथं पळणं हे साधन असतं, आणि साध्य एका तारखेला संपतं. खुल्या गटाला अठ्ठावीस, मागासवर्गीयांना तेहतीस. त्या वाढदिवसानंतर त्या पोराला पहाटे उठायचं कारणच उरत नाही, आणि उठला तरी रस्त्यावर जी पोरं दिसतात ती त्याच्याहून दहा वर्षांनी लहान असतात. त्यांच्यात जाऊन तो उभा राहिला तर लोक विचारणार, अजून आशा आहे का? म्हणून तो दुकानाचं शटर उशिरा वर करतो. मराठवाड्यातल्या कुठल्याही रस्त्यावरच्या गावात असा एक तरी तिशीतला माणूस सापडेल, ज्याचं हृदय एके काळी अख्ख्या गावात सगळ्यात तयारीचं होतं, आणि ज्याला कुणी चालायलासुद्धा बोलावत नाही.

"मग काय करायचं म्हणतीस?" मामांनी विचारलं. त्या सकाळी पहिल्यांदा त्यांनी निकाल न देता प्रश्न विचारला.

"मैदानावर आमच्या नंतर सहा मुली येतात, बघितल्यात का? भरतीच्या. ॲकॅडमीची फी भरायला नाही. आठशे मीटर कशा पळायच्या हे सांगायला कुणी नाही. सुरुवातीलाच जीव तोडून सुटतात आणि दुसऱ्या फेरीला पोटात कळ येऊन बसतात. दादाला म्हणा, त्यांना शिकव."

"नापास झालेल्याकडनं कोण शिकणार?"

"त्या शिकतील. घड्याळ कसं वाचायचं, शंभर मीटर कुठं राखायचे, कुणाची जोड कुणाबरोबर लावायची, हे त्याच्याइतकं इथं कुणाला कळतं? आणि पोरींच्या खेळाला आपल्या जिल्ह्यात काय कमी आहे? सारिका काळे कुठल्या? आपल्या धाराशिवच्या. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या खो-खो संघाच्या कर्णधार होत्या, २०२० ला अर्जुन पुरस्कार मिळाला."

"तिला मैदान व्हतं, शिकवणारा व्हता."

"तेच तर म्हणतेय मी, मामा."

मामांनी बराच वेळ अडकित्त्याशी चाळा केला. मग म्हणाले, "मी न्हाई विचारणार. मी विचारलं तर तो उठून जाईल. तू विचार." आणि लगेच, हरलो असं वाटू नये म्हणून, "आन् त्या गुडघ्यावाल्या बाईला पहिलं बोलाव. मग पोरींचं बगू."

भाची म्हणाली, त्यांना मामीबरोबर जोडून देते. दोघींची चाल सारखीच आहे, बोलण्याचीही.

दादा येणार की नाही, हे मी निघालो तोवर ठरलं नव्हतं. मामा उद्यापासून ग्रुपात जातील असंही कुणी समजू नये, ते एकटेच जाणार. एकट्यानं चालणाऱ्या माणसाबद्दल माझी काही तक्रार नाही. ज्याला एकटं चालता येतं त्यानं खुशाल चालावं. पण हे जमायला आधी पुरुष असावं लागतं, गुडघे शाबूत असावे लागतात, आणि कुणी 'लेफ्ट' होऊन गेल्याचं दुःख नसावं लागतं. बाकीच्यांना सोबत लागते. ती सोबत दोनशे जणांच्या यादीतून मिळत नाही, हे मामांचं म्हणणंही मला तितकंच खरं वाटतं.

निघताना भाचीनं एक अडचण सांगितली, ती मात्र अभ्यासात कुठं सापडली नाही. वाघानंतर बायका ज्या मैदानावर येतात त्याच्या फाटकाला कुलूप असतं. किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई येतो सात वाजता. तोवर बायका फाटकाबाहेर उभ्या, किंवा महामार्गाच्या कडेला, जिथं ट्रकाचा दिवा डोळ्यांवर येतो. उन्हाळ्यात निभतं. हिवाळ्यात पाच वाजता काळोख असतो.

व्यायामाचं महत्त्व सांगणारे फलक आपल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आहेत. सरपंचांनो, मुख्याध्यापकांनो, आणखी एक फलक रंगवण्याआधी फाटकाच्या किल्लीची दुसरी प्रत काढा आणि ती पहाटे चालणाऱ्या बायांपैकी कुणाकडे तरी देऊन ठेवा. खांबावर एक दिवा लावा. वीज फार जाणार नाही, दीड तासाचा प्रश्न आहे.